कागद आणि कब्जा

प्रस्तावना

सातपाटीच्या कोळीवाड्यात घर विकत घ्यायचं म्हटलं की समोरचा माणूस कपाटातून पहिला कागद काढतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. त्यावर त्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो, घरपट्टीची रक्कम असते आणि खाली सहीशिक्का. घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. वास्तविक नमुना 8 एवढंच सांगतो, की या घराची पट्टी कोणाकडून वसूल करायची. घर ज्या जमिनीवर उभं आहे ती कोणाची, याबद्दल तो कागद गप्प असतो. जमीन गावठाणातली असेल, सरकारी असेल, आजोबांच्या नावावरून अजून उतरलेलीच नसेल. तलाठी कार्यालयातला 8अ हा आणखी निराळा. तो शेतजमिनीचा खातेउतारा, घराशी त्याचा संबंध नाही. या दोन 'आठां'ची गल्लत करून इसार देऊन बसलेली माणसं वकिलाकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा पैसे गेलेले असतात.

पालघरच्या या किनारपट्टीत आणि तिच्या मागच्या बोईसर-तारापूर भागात जमिनीचे, भाड्याचे आणि धंद्याचे जे तंटे उभे राहतात, त्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. इथे कागद एकाकडे असतो आणि कब्जा दुसऱ्याकडे. कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा कब्जा आहे, पण मालकीचा कागद नाही. रेल्वेच्या पूर्वेला पाड्यांवर सातबारा आदिवासी खातेदाराच्या नावाचा असतो आणि तारेचं कुंपण भलत्याचंच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने 'गाळा विकत घेतला' तो खरं तर उरलेल्या वर्षांचा भाडेपट्टा घेऊन बसलेला असतो. बोईसरच्या चाळीत कामगार चार वर्षं राहतो, दर महिन्याला रोख भाडं देतो आणि त्याच्याकडे साधी पावतीही नसते. बंदरात बोटीचे सगळे कागद थोरल्या भावाच्या नावाने, पैसे मात्र तिघांचे. कायद्याच्या पुस्तकांत ही प्रकरणं पाच वेगवेगळ्या अधिनियमांखाली पसरलेली सापडतील. माणसाच्या आयुष्यात ती एकच अडचण असते: माझं आहे, पण दाखवू काय?

हे पुस्तक त्या अडचणीसाठी लिहिलं आहे. ते वकिलांसाठी नाही. ज्याला आयुष्यात एकदा-दोनदाच घर घ्यायचं आहे, खोली भाड्याने द्यायची आहे, भागीत होडी किंवा लेथ मशीन घ्यायचं आहे, त्याच्यासाठी आहे.

आत्ताच ते लिहावंसं वाटलं यालाही कारण आहे. हा भाग फार थोड्या काळात फार बदलला. 1969 मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे गाव राहिलं नाही, शहरही झालं नाही. पुढे अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईत घर न परवडणारा नोकरदार पालघरच्या जाहिराती वाचू लागला. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, मुख्यालयाभोवतीच्या शेतांना एकदम भाव आला. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध आजही आहे, पण जमिनीच्या दलालांनी विरोधाची किंवा संमतीची वाट पाहिली नाही. ज्या गावात दहा वर्षांत दोन खरेदीखतं होत नसत तिथे आता आठवड्याला कोणीतरी गाडीतून उतरून सर्व्हे नंबर विचारतं. एका पिढीत जमिनीची किंमत शेतसाऱ्यावरून चौरस फुटावर आली, पण जमिनीचे कागद आजोबांच्याच काळात राहिले.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना अधिनियमांची यादी देण्यात अर्थ नाही. त्यात दोन प्रवाह आहेत ते ओळखले की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

पहिला प्रवाह कागद मानणारा. 1872 चा करार कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1908 चा नोंदणी कायदा हे त्याचे खांब. त्यांचं म्हणणं सरळ: शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्तानेच विकता येईल, तोंडी शब्द, साध्या कागदावरची सही, नोटरीचा शिक्का यांनी मालकी सरकत नाही. ज्याने सही केली त्याने ती समजून केली असं हा प्रवाह धरून चालतो. व्यापाराला, बँकेला, कर्जाला अशी खात्री लागते, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात मतलब नाही.

पण महाराष्ट्राला या प्रवाहाची दुसरी बाजू फार लवकर दिसली. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि त्यांचा मुख्य रोख पैशाअडक्यावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे बाहेर काढून जाळले. जे लिहिलंय ते वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही त्यावर अंगठा दिलाय, ही कोंडी त्या आगीत होती. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला एक विलक्षण मुभा दिली: रोख्यावर काय लिहिलंय तेवढंच पाहू नका, व्यवहार मुळात कसा झाला, किती दिले, किती फिटले, हे खणून काढा. कागदामागे पाहायला शिकवणारा दुसरा प्रवाह आपल्याकडे इथून ठळक झाला असं मी मानतो.

आपल्या परिसरात तो आणखी उघडपणे दिसला. तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात वारली माणूस लग्नासाठी कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघं जमीनदाराकडे राबत. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटायचं हे जमीनदाराच्या वहीवर ठरे. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी हे जू झुगारलं. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कूळ कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. कागद जमीनदाराचा, कब्जा कुळाचा. कायद्याने कौल कब्ज्याला दिला. 1974 मध्ये तोच कायदेकर्ता आणखी पुढे गेला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, आणि जमीन महसूल संहितेच्या 36 व 36अ या कलमांनी पुढचे व्यवहार परवानगीशिवाय बंद केले. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या खटल्यात 1984 मध्ये तो परतीचा कायदा वैध ठरवला. इथे कौल पुन्हा उलटा: कब्जा आणि नोंदणीकृत खरेदीखत दोन्ही असूनही जमीन हातातून जाऊ शकते.

पालघरमध्ये जमीन घेणाऱ्याने हे दोन्ही प्रवाह एकाच सातबाऱ्यावर वाचायचे असतात. म्हणून इथे जरा थांबतो.

गाव नमुना 7 वर डावीकडे भोगवटादाराचं नाव आणि क्षेत्र दिसतं. घेणारा तेवढंच पाहतो. त्याने आधी भोगवटादाराचा वर्ग पाहावा. वर्ग 1 असेल तर हस्तांतराला साधारणपणे मोकळीक. वर्ग 2 असेल तर जमीन शर्तीवर मिळालेली आहे आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. मग नजर 'इतर अधिकार' या रकान्याकडे न्यावी. कुळाचं नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, संपादनाची नोंद, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे बारीक अक्षरात बसलेलं असतं. 'कु. का. कलम 43 च्या बंधनास पात्र' असं लिहिलं असेल तर ती कूळ कायद्याने मिळालेली जमीन. 2014 च्या दुरुस्तीने खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन विकण्याची वाट बरीच सोपी केली, पण रक्कम न भरताच झालेली खरेदी पुढे नडते. खातेदार आदिवासी असेल तर तुमच्या ओळखीच्या एजंटाने काहीही सांगितलं तरी 36अ तिथेच उभं असतं. आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा प्रश्न वेगळा. शेवटी खालचे फेरफार क्रमांक टिपून एकेक फेरफार काढावा. वारसाचा फेरफार पाहिला की कळतं, तीन भाऊ दिसतात पण दोन बहिणी कुठे गेल्या.

बहिणींचा हा मुद्दा पुस्तकात वारंवार येतो. महाराष्ट्राने 1994 मध्येच, म्हणजे केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केलं होतं, फक्त तोवर लग्न झालेल्यांना वगळून. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. गावात मात्र आजही 'ताईचं काही म्हणणं नाही हो' एवढ्यावर खरेदीखताची तारीख ठरते. ताईचं म्हणणं नसेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, किंवा खरेदीखतावर सही करावी. दोन्ही नसेल तर घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा. यात मला वकिली सावधपणाहून जास्त काही दिसतं: न विचारलेली बहीण दहा वर्षांनी कोर्टात उभी राहते तेव्हा तिला लोभी म्हणणारे आधी तिच्या घरी विचारायला गेलेले नसतात.

एवढं वाचूनही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. संहितेचं कलम 157 सांगतं, की नोंद खरी आहे असं गृहीत धरावं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांतून. सातबारा तिची महसुली सावली. म्हणून तीस वर्षांचा शोध आणि नोंदणी कार्यालयातली सूची 2 यांना पर्याय नाही. मुंबईकरांना विकल्या जाणाऱ्या 'फार्म हाऊस प्लॉट'ची गोष्ट तर याहून बिकट. शेतकरी नसलेल्याला कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घेता येत नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडू देत नाही. या अलीकडे काही अंशी सैल झालेल्या बंधनांना वळसा म्हणून सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देण्याचं आमिष दाखवलं जातं, किंवा साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हातात देऊन पूर्ण पैसे घेतले जातात. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच बजावलं आहे, की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून मालकी तयार होत नाही.

इमारतीतल्या सदनिकेबद्दल तुलनेने थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे कायदा ग्राहकाच्या बाजूला बराच सरकला आहे. 1963 च्या मालकी सदनिका कायद्याने महाराष्ट्रात बिल्डरला पहिल्यांदा करार लिहायला, नोंदवायला लावलं. जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याचं बंधन घातलं, जे बहुतेकांनी पाळलं नाही, म्हणून पुढे मानीव अभिहस्तांतरण आणावं लागलं. 2016 चा स्थावर संपदा कायदा आणि 1 मे 2017 पासूनचं महारेरा हे त्यानंतरचं पाऊल: नोंदवलेल्या करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, विक्री चटई क्षेत्रावर, बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी त्याआधी अनेक वर्षं लावून धरलेल्या मागण्यांचा यात वाटा आहे. पण महारेराचा क्रमांक म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा दाखला नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती. नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 41 बेकायदा इमारती पाडल्या गेल्या, तिथल्या कुटुंबांकडेही कागद होतेच; जमिनीवर बांधायची परवानगी तेवढी नव्हती. पालघर-बोईसरच्या बाहेरच्या गावांत ग्रामपंचायतीच्या ठरावावर उभ्या राहणाऱ्या चार मजल्यांकडे त्या नजरेने पाहावं.

भाड्याचा कायदा हा मात्र स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, मुंबईत भाडं बांधणारा कायदा आला. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं आणि भाडेकरूला जवळपास मालकाइतकं पक्कं केलं. मालकांनी यावर तोडगा काढला: भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणायचं. 1973 मध्ये सरकारने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू मानून टाकलं. त्या एका दुरुस्तीची दहशत आजच्या मालकांच्या मनातून गेलेली नाही. 'अकरा महिन्यांनी खोली रिकामी करा, नाहीतर हक्क लागेल' हे वाक्य तिथूनच आलंय. 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं आणि 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला.

बोईसरला खोली देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या डोक्यात या कायद्याबद्दल जुने समज घट्ट बसलेत. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा पहिला. नोंदणी कायद्यापुरतं बोलायचं तर वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला ती लागत नसेलही, पण भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 मुदत विचारत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीही टळत नाही. मुद्रांक शुल्क तर इतकं कमी, एकूण भाड्यावर पाव टक्का, की ते वाचवण्यासाठी हा धोका पत्करणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. दुसरा समज भाडेकरूचा: बारा वर्षं राहिलो की खोली आपली. भाडं देऊन राहणारा परवानगीने राहतो. त्याचा कब्जा मालकाविरुद्ध नसतोच, मग वर्षं कितीही मोजा. तिसरी गोष्ट समज नव्हे, दुर्लक्ष आहे: 1999 चा कायदा राज्यभर सरसकट लागू नाही, त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांनाच आहे. गाव त्यात येत नसेल तर नातं 1882 च्या कायद्याने आणि तुमच्या करारातल्या शब्दांनी ठरतं. म्हणून सातपाटीतली वरची खोली आणि शहरातली खोली यांचा करार एकाच छापील नमुन्यावर करू नये. परवान्यावर राहायला दिलेली जागा मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून परत मिळवण्याची कलम 24 ची जलद वाटही फक्त राहत्या घरासाठी आहे, दुकानाच्या गाळ्यासाठी नाही. बोईसरमधले कितीतरी दुकानमालक हे शिकतात ते कोर्टाच्या पायरीवर.

भाडेकरूच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तारापूरच्या कारखान्यांत काम करायला आलेला उत्तर प्रदेशचा किंवा ओडिशाचा मुलगा करार मागत नाही, कारण मागितला तर खोली मिळत नाही. त्याचं डिपॉझिट हा त्याचा एका महिन्याचा पगार असतो आणि ते परत मिळण्याची हमी केवळ मालकाचा चांगुलपणा. नोंदवलेला करार त्याला पत्त्याचा पुरावाही देतो. त्या एका कागदावर बँक खातं आणि गॅस सुरू होतो. मालकांची भीती मी समजू शकतो, पण या व्यवहारात कागदाअभावी जास्त गमावणारा मालक नसतो.

धंद्याच्या करारांकडे येताना पुस्तकाने मुद्दाम किनाऱ्यापासून सुरुवात केली आहे. सातपाटीचं पापलेट महाराष्ट्राच्या बाहेर ओळखलं जातं. 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला त्यामागे इथल्या मच्छीमारांचा आग्रह होता. सातपाटी मच्छीमार विविध कार्यकारी आणि सर्वोदय या दोन सहकारी संस्थांनी प्रतवारी करून, व्यापाऱ्याशी एकत्र बोलून मासळीला भाव मिळवण्याची पद्धत रुजवली. एकेकट्या मच्छीमाराला जो करार करता आला नसता तो संस्थेने केला. बोटीच्या आतलं हिशेबाचं जग मात्र अजून शब्दावर चालतं. मालक, तांडेल, खलाशी यांचे वाटे ठरलेले. खलाशाला हंगामाआधी उचल. जाळं एकाचं, इंजिन दुसऱ्याचं. समुद्रात कव, म्हणजे जाळी बांधायचे खुंट, कोणी कुठे मारायची यावर सातपाटी आणि वसई-उत्तनचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत, आणि त्या वादात रूढी हाच कागद असतो. ही रूढी मोडीत काढा असं कोणी म्हणत नाही. पण नौकेची नोंदणी, परवाना, डिझेलचा परतावा, संस्थेचं कर्ज हे सगळं एकाच नावाने निघतं. थोरला गेला की धाकट्यांचा वाटा सिद्ध करायला त्यांच्याकडे साक्षीदारांखेरीज काही उरत नाही.

1932 च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, पण कलम 69 नोंदणी नसलेल्या भागीदाराच्या तोंडाला कुलूप लावतं: करारावर आधारलेला दावाच करता येत नाही. महाराष्ट्राने तर दुरुस्ती करून संस्था मोडून हिशेब मागण्याचा दावाही अशा भागीदाराला बंद केला होता; 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आज भांडून वेगळं होता येतं, पण एकत्र राहून हक्क मागता येत नाही. यापेक्षा दोन पानांचा भागीदारी लेख आणि निबंधकाकडची नोंद स्वस्त पडते. लेखात भांडवलापेक्षाही एक कलम महत्त्वाचं: एक भागीदार वारला किंवा बाहेर पडला तर बोट कोणाकडे राहणार आणि तिची किंमत कोण ठरवणार.

चिंचणी-वाणगाव पट्ट्यात घराघरांतून दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर, तारापूरच्या मोठ्या कारखान्यांना जॉबवर्क करणारे छोटे लेथवाले, यांची दुखणी वेगळी. त्यांच्याकडे काम असतं, पैसे अडकलेले असतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला सांगितलं आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठेवलं. 2024 पासून वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, अशी आयकराचीही गाठ बसली. यासाठी काम घेण्याआधी उद्यम नोंदणी हवी, ऑर्डर लेखी हवी, मग ती व्हॉट्सअॅपवर का असेना, आणि माल पोचल्याची सही हवी. मासळीचा निव्वळ खरेदी-विक्रीचा व्यापार या संरक्षणात बसत नाही, ही गोष्ट बाजारात फारशी कोणी सांगत नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडाबद्दल एवढंच: औद्योगिक विकास महामंडळाची जमीन साधारणतः 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते. हस्तांतराला, पोटभाड्याने द्यायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. गाळा घेताना वीज, पाणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीबरोबर मूळ भाडेपट्टा करार मागून घ्यावा आणि किती वर्षं उरली ते मोजावं.

मराठीत कायदा सोपा करून सांगण्याची परंपरा चांगली आहे. शेखर गायकवाड यांनी महसुलातल्या अनुभवावरून जमीन व्यवहार गोष्टींतून सांगितले आणि ते गावोगाव वाचले गेले. त्याखेरीज कलमवार भाषांतरं आणि वृत्तपत्रांतली प्रश्नोत्तरं आहेत. कलमवार पुस्तकाची अडचण अशी की वाचकाला आपला प्रश्न कोणत्या कायद्यातला हे आधी ठाऊक असावं लागतं. प्रश्नोत्तरांची अशी की दुसऱ्याचं उत्तर आपल्या भांडणाला लावलं जातं. म्हणून हे पुस्तक व्यवहाराच्या क्रमाने रचलं आहे: बोलणी, इसार, शोध, लेख, मुद्रांक, नोंदणी, ताबा, आणि बिनसलं तर नोटीस. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला आहे, हा कागद नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही. दस्तऐवजांची भाषाही सोडवून दाखवली आहे. 'लिहून देणार' कोण आणि 'लिहून घेणार' कोण, चतुःसीमा कशा ताडून पाहायच्या, भरणा तपशिलात धनादेश क्रमांक का हवा.

बंदर आणि रेल्वेसाठीच्या संपादनाचा मोबदला, किनारा नियमन क्षेत्रातल्या बांधकामाच्या परवानग्या आणि वनहक्काचे दावे यांना इथे स्पर्शच केला आहे; ते विषय मोठे आहेत आणि अजून हलते आहेत. शेवटी जोडलेले नमुने जसेच्या तसे झेरॉक्स काढून वापरू नयेत. त्यांतल्या मोकळ्या जागा भरण्यासाठीच वकील लागतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांनी 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 पाहावं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. त्यात मासळी विकणारी कोळीण येते, पाड्यावरचा खातेदार येतो आणि तारापूरच्या कारखान्यातला तो बिनकराराचा भाडेकरूही येतो. अर्ज न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत करायचा. सोबत काय न्यायचं ते शेवटच्या परिशिष्टात दिलं आहे.